नेपोलियनच्या काळातले डच सैनिकी गणवेश आणि हुद्द्यांच्या खुणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डच सैनिकांच्या गणवेशाबद्दल कुणीही काहीही विचारलं की मी उलट एकच गोष्ट विचारतो, साल कुठलं? कारण वीस वर्षांत त्या छोट्याशा देशात चार-पाच वेळा राज्य बदललं आणि दर वेळी सैनिकाच्या अंगावरचा कोटही बदलला. खालचे प्रश्न परत परत येतात, मिनिएचर रंगवणारे विचारतात, गेमिंगवाले विचारतात, आणि म्युझियममध्ये फोटो काढून आलेले लोक तर हमखास विचारतात. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय.

नेपोलियनचा काळ म्हणजे डच लोकांसाठी नक्की कधीपासून कधीपर्यंत?

१७९५ ते १८१५ धरा. १७९५ च्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीत नद्या गोठल्या होत्या, फ्रेंच फौज त्या बर्फावरून चालत आत आली, आणि तिथला सत्ताधीश विल्यम पाचवा स्खेव्हेनिंगेनच्या किनाऱ्यावरून बोटीत बसून इंग्लंडला निघून गेला. मग बटाव्हियन रिपब्लिक आलं. १८०६ च्या जूनमध्ये नेपोलियनने आपला भाऊ लुई बोनापार्ट याला हॉलंडचा राजा केलं. १८१० च्या जुलैत लुईने राज्य सोडलं आणि नेपोलियनने अख्खा देशच फ्रान्सला जोडून टाकला. १८१३ च्या नोव्हेंबरात उठाव झाला, पळून गेलेल्या विल्यमचा मुलगा परत आला (याचंही नाव विल्यमच), आणि १८१५ मध्ये तो नेदरलँड्सचा राजा झाला, ज्यात तेव्हा आजचा बेल्जियमसुद्धा होता.

म्हणजे बटाव्हियन, हॉलंडचं राज्य, फ्रेंच साम्राज्य आणि नेदरलँड्सचं राज्य, असे चार कप्पे डोक्यात ठेवा. पुढची सगळी उत्तरं या चार कप्प्यांतच बसतात.

म्हणजे एकाच माणसाने चारही गणवेश घातले असं झालंय का?

झालंय की! सगळ्यात चांगलं उदाहरण डेव्हिड हेन्ड्रिक शासे. १७६५ चा जन्म, १७८७ मध्ये राजकारणामुळे देश सोडून फ्रान्सला गेला, १७९५ मध्ये फ्रेंचांबरोबर परत आला, बटाव्हियन सैन्यात वर चढला, १८०८ मध्ये लुईच्या राज्यातली डच ब्रिगेड घेऊन स्पेनमध्ये लढला, मग फ्रेंच सैन्यात जनरल, १८१४ मध्ये फ्रान्सच्या भूमीवर नेपोलियनच्या बाजूने लढाई, आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याच नेपोलियनच्या विरुद्ध उभ्या असलेल्या डच डिव्हिजनचा प्रमुख! संगिनीच्या हल्ल्यावर त्याचा इतका विश्वास की त्याचं नावच ‘जनरल बायोनेट’ पडलं. त्याचं पोर्ट्रेट कुठे दिसलं तर आधी ते कोणत्या सालातलं हे बघा, नाहीतर गोंधळ ठरलेला.

आणि त्याला संधिसाधू म्हणायची घाई करू नका असं मला मनापासून वाटतं. देशच हातातून हातात जात होता आणि सैनिकी पेशाच्या माणसाला दुसरी फौजच नव्हती.

बटाव्हियन काळात रंग कोणता?

पायदळाला गडद निळा कोट. १७९५ मध्ये जुन्या रेजिमेंट मोडल्या आणि फ्रेंच पद्धतीने सात हाफ-ब्रिगेड केल्या, प्रत्येकीत तीन बटालियन. कोट सगळ्यांचा निळाच, पण कॉलर, कफ आणि छातीवरचे लॅपल यांचा रंग प्रत्येक हाफ-ब्रिगेडचा वेगळा. त्याशिवाय जेगर म्हणजे हलक्या पायदळाच्या बटालियन होत्या, त्या हिरव्या कोटात. डोक्यावर बहुतेकांच्या काळी दुटोकी हॅट. १७९९ मध्ये इंग्रज आणि रशियन फौजा उत्तर हॉलंडमध्ये उतरल्या तेव्हा बर्गेन आणि कास्ट्रिकमच्या लढायांत डॅन्डेल्स आणि डुमोन्सो या जनरलांचे सैनिक याच पेहरावात लढले.

या काळात नारिंगी रंगाला मात्र बंदी. नारिंगी म्हणजे पळून गेलेल्या राजघराण्याचा रंग, तो अंगावर दिसला तर थेट राजकीय गुन्हा. त्यामुळे १७९५ ते १८१३ मधल्या डच सैनिकाच्या चित्रात नारिंगी शेला किंवा नारिंगी कोकार्ड दिसलं तर चित्रकार चुकलाय. कोकार्ड म्हणजे टोपीवर लावायचं रिबिनीचं गोल फूल.

डच सैनिक पांढऱ्या कोटात कसे? ते तर ऑस्ट्रियन असतात ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बरोबरच आहे, कारण पांढरा कोट म्हटलं की ऑस्ट्रिया आठवतो. पण लुई राजा झाल्यावर हॉलंडच्या पायदळालाही पांढरा कोट दिला गेला आणि प्रत्येक रेजिमेंटला कॉलर-कफ-लॅपलचा वेगळा रंग ठरवून दिला.

यामागे निळीची भानगडसुद्धा समजून घ्या, कारण तिचा धागा थेट आपल्याकडे येतो. गडद निळा कोट रंगवायचा तर नीळ पाहिजे, आणि त्या काळी चांगली नीळ समुद्रमार्गे यायची, त्यात बंगालची नीळ इंग्रजांच्या ताब्यात. समुद्रावर इंग्रजांचं आरमार बसलेलं, त्यामुळे फ्रान्समध्ये निळीचा तुटवडा. १८०६ मध्ये खुद्द फ्रेंच पायदळाला पांढरे कोट द्यायचा हुकूम निघाला, काही रेजिमेंटना ते मिळालेसुद्धा, पण पांढऱ्यावर रक्त आणि चिखल कसा दिसतो हे सांगायला नको, शेवटी फ्रेंच परत निळ्यावर आले. हॉलंड मात्र १८१० पर्यंत पांढऱ्यावरच राहिलं. म्हणून १८०८-०९ च्या स्पेनमधल्या डच ब्रिगेडचं पायदळ निळ्यात दाखवलेलं दिसलं की मला टोचतं.

ऑस्ट्रियन आणि डच यांच्यात फरक कसा करायचा? कट बघा. डच कोट फ्रेंच धाटणीचा, छातीवर रंगीत लॅपल उघडे दिसतात. ऑस्ट्रियन पायदळाचा कोट त्या वेळी पुढून सरळ बंद, लॅपल नाहीतच. एवढं पाहिलं तरी पुष्कळ आहे. सॅक्सनी, वेस्टफालिया, इटली यांचेही पांढरे कोट होते, त्यामुळे नुसत्या पांढऱ्यावरून निर्णय देऊ नका.

१८१० नंतर काय झालं? डच रेजिमेंट गेल्या कुठे?

फ्रेंच सैन्यात विरघळल्या, पण ओळखता येतात. पायदळाच्या १२३, १२४, १२५ आणि १२६ नंबरच्या लाइन रेजिमेंट, ३३ नंबरची लाइट इन्फंट्री, ११ नंबरचे हुसार म्हणजे हलकं घोडदळ आणि १४ नंबरचे क्विरासिए म्हणजे चिलखती घोडदळ, हे सगळे मूळचे डच. तोफखाना आणि पूल बांधणारे पाँटोनिए पण होते.

गणवेश मात्र आता फ्रेंच. लाइन पायदळाला निळा कोट, पांढरे लॅपल, लाल कॉलर-कफ. लाइट इन्फंट्रीला जवळजवळ सगळंच निळं, पँटसकट. ११ व्या हुसारांना गडद निळं. १४ व्या क्विरासिएंचा फेसिंगचा, म्हणजे कॉलर-कफ वगैरेचा, रंग वाइनच्या गाळासारखा जांभळट लाल, आणि हा रंग रंगवताना भल्याभल्यांना जमत नाही, साधा लाल मारून मोकळे होतात. कृपा करून थोडा निळा आणि थोडा तपकिरी मिसळा.

बदल एका दिवसात झाला नाही हेही ध्यानात असू द्या. जुना पांढरा कोट फाटेपर्यंत वापरायचा हा कुठल्याही फौजेचा नियमच असतो, त्यामुळे १८१०-११ मध्ये एकाच रेजिमेंटमध्ये मिसळ दिसली तर ते चूक नाही. मग १८१२ च्या जानेवारीत फ्रेंचांचा नवा गणवेश-नियम निघाला, लांब शेपटांचा कोट जाऊन आखूड कोट आला, लॅपल कमरेपर्यंत बंद. पण रशियाच्या मोहिमेला निघालेल्या बऱ्याच जणांच्या अंगावर अजून जुनाच कट होता.

रशियात डच सैनिकांचं काय झालं?

गणवेशाचं पान असलं तरी हे टाळून पुढे जाता येत नाही. बेरेझिना नदीवर १८१२ च्या नोव्हेंबरच्या शेवटी जनरल एब्लेच्या हाताखाली ज्या पाँटोनिएंनी बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत उभं राहून पूल बांधले, त्यांच्यात कॅप्टन बेन्टीनचे डच पाँटोनिए होते. त्यातले फारच थोडे वाचले. १२५ आणि १२६ नंबरच्या रेजिमेंट जनरल पार्तुनोच्या डिव्हिजनमध्ये होत्या, ती डिव्हिजन मागे राहून वाट चुकली आणि बोरिसॉव्हजवळ रशियनांच्या हाती लागली. गार्डचे, म्हणजे नेपोलियनच्या खास निवडक फौजेतले, डच ग्रेनेडियर क्रास्नोयच्या लढाईत जवळजवळ संपले. या माणसांचे गणवेश रंगवताना मी जरा जास्तच काळजी घेतो, त्यांच्या नावाने तेवढं तरी नीट व्हावं.

पांढऱ्या कोटातले गार्ड ग्रेनेडियर म्हणजे हेच का?

हो. लुईच्या रॉयल गार्डचे ग्रेनेडियर १८१० मध्ये नेपोलियनच्या इम्पीरियल गार्डमध्ये घेतले, आधी दुसरी ग्रेनेडियर रेजिमेंट म्हणून आणि १८११ मध्ये नंबर बदलून तिसरी. त्यांनी आपला पांढरा कोट आणि किरमिजी कॉलर-कफ-लॅपल तसेच ठेवले. डोक्यावर अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी, पण फ्रेंच ग्रेनेडियरांच्या टोपीवर पुढे पितळी पत्रा असतो तो यांच्या टोपीवर नाही. हा बारकावा विसरू नका, बाजारात मिळणाऱ्या मूर्तींवर हमखास पत्रा ओतलेला असतो, तो घासून काढावा लागतो.

किरमिजी म्हणजे लाल नव्हे, त्यात जांभळ्याची झाक आहे. पांढऱ्याशेजारी तो फार देखणा दिसतो, आणि माझ्या मते त्या अख्ख्या काळातला हा सगळ्यात सुंदर पायदळी गणवेश. १८१३ च्या सुरुवातीला रेजिमेंटच बंद केली, माणसंच उरली नव्हती.

रेड लान्सर्स डच होते की पोलिश? दोन्ही वाचलंय.

सुरुवातीला डच. लुईच्या गार्डचे हुसार घेऊन १८१० मध्ये गार्डची दुसरी लान्सर रेजिमेंट केली, प्रमुख एडुआर द कोल्बेर. गणवेशाची धाटणी पोलिश, म्हणून गोंधळ होतो. आखूड कुर्ता, चौकोनी माथ्याची चापका टोपी आणि भाला, हे सगळं पोलिश लान्सर्सवरून घेतलं. रंगात फरक आहे. पहिली रेजिमेंट पोलिश, तिचा कोट निळा आणि फेसिंग किरमिजी. दुसरी डच, तिचा कोट भडक लाल आणि फेसिंग गडद निळं, पायपिंग म्हणजे कडेची बारीक किनार पिवळी. भाल्यावरचं निशाण दोघांचंही लाल-पांढऱ्या जातीचंच. रेड लान्सर्सचे ट्रम्पेटर पूर्ण दिमाखात असले की पांढऱ्या कोटात लाल फेसिंग घालायचे, म्हणजे बाकीच्यांपेक्षा अगदी वेगळे, कारण धुरात आणि गर्दीत अधिकाऱ्याला आपला ट्रम्पेटर लगेच सापडला पाहिजे.

१८१५ ला वॉटर्लूच्या मैदानावर रेड लान्सर्स नेपोलियनच्या बाजूला होते, पण तोपर्यंत त्यांच्यात बहुतेक फ्रेंच माणसं होती. डच सैन्य समोरच्या बाजूला उभं होतं.

पोरांची रेजिमेंट होती असं ऐकलंय, खरं का?

खरं आहे. लुईने सैनिकांच्या मुलांची एक तुकडी केली होती, तिच्यातून १८११ मध्ये गार्डचे प्युपिल उभे राहिले. बरीचशी मुलं अनाथ, बाप लढाईत गेलेले. हिरवा कोट, पिवळं पायपिंग. वय वाचून पोटात कालवतं.

आता मुख्य प्रश्न. अधिकाऱ्याचा हुद्दा कशावरून ओळखायचा?

खांद्यावरून. टोपी बघू नका, तलवार बघू नका, खांदा बघा. हॉलंडच्या राज्यात फ्रेंच पद्धत होती आणि १८१० नंतर तर सरळ फ्रेंच नियमच, त्यामुळे एकदा ही पद्धत डोक्यात बसली की मधली सगळी वर्षं वाचता येतात.

एपॉलेट म्हणजे खांद्यावरची झालरीची पट्टी. झालर नसलेली असेल तर तिला काँत्र-एपॉलेट म्हणतात. कर्नलच्या दोन्ही खांद्यांवर जाड, वळलेल्या तारेची झालर. मेजरचंही तसंच, पण पट्टीचा धातू झालरीच्या उलट, म्हणजे झालर सोनेरी तर पट्टी चंदेरी. बटालियनचा प्रमुख असेल तर जाड झालर फक्त डाव्या खांद्यावर आणि उजव्यावर नुसती पट्टी. कॅप्टनची झालर डाव्या खांद्यावरच, पण बारीक दोऱ्याची. लेफ्टनंटचं कॅप्टनसारखंच, फक्त पट्टीवरून एक लाल रेघ जाते, आणि सब-लेफ्टनंटला दोन लाल रेघा. इथे लोक फसतात, त्यांना वाटतं रेघा जास्त म्हणजे हुद्दा मोठा, प्रत्यक्षात उलटं आहे, लाल रेशीम जितकं जास्त तितकं सोनं कमी, आणि सोनं कमी म्हणजे माणूस खालचा.

एक अपवाद. बटालियनचा अ‍ॅडज्युटंट-मेजर हा झालर उजव्या खांद्यावर लावतो. त्यामुळे चित्रात झालर उजवीकडे दिसली तर लगेच चित्र उलटं छापलंय म्हणू नका, आधी तलवार कुठल्या बाजूला आहे आणि बटणं कुणीकडून लागलीयेत ते तपासा.

सोनं की चांदी हे रेजिमेंटच्या बटणांवरून ठरतं, पितळी बटणं तर सोनेरी एपॉलेट, पांढऱ्या धातूची बटणं तर चंदेरी.

जनरलसाठी एपॉलेटवर तारे असतात. फ्रेंच सेवेत ब्रिगेडच्या जनरलला दोन आणि डिव्हिजनच्या जनरलला तीन, शिवाय कॉलर आणि कफवर सोनेरी ओकच्या पानांचं भरतकाम.

गळ्यातली ती चंद्रकोर काय असते?

जुन्या चिलखताचा उरलेला तुकडा. पायदळाचा अधिकारी ड्यूटीवर असला की गळ्यात ती घालतो, ड्यूटी संपली की काढतो. मुलामा दिलेली, मधोमध राज्याचं चिन्ह. हिच्यावरून हुद्दा कळत नाही, फक्त हा माणूस अधिकारी आहे आणि आत्ता कामावर आहे एवढंच कळतं.

कॉर्पोरल, सार्जंट कसे ओळखायचे?

त्यांच्यासाठी बाहीवर, कफच्या वर तिरक्या फिती. कॉर्पोरलला दोन लोकरी फिती. सार्जंटला एकच, पण सोनेरी किंवा चंदेरी. सार्जंट-मेजरला तशा दोन. परत तोच मुद्दा, फितींची संख्या मोजण्याआधी फीत कशाची आहे ते बघा. फूरिए म्हणजे कंपनीचा हिशेब, शिधा, राहायची सोय बघणारा, त्याला कॉर्पोरलच्या फितींशिवाय दंडावर एक धातूची फीत असते.

दंडावर व्हीसारख्या फिती दिसल्या तर त्या हुद्द्याच्या नाहीत, नोकरीच्या वर्षांच्या आहेत. पहिली दहा वर्षांनंतर, पुढच्या आणखी नोकरी झाल्यावर. म्हणजे तीन व्ही असलेला माणूस साधा शिपाईसुद्धा असू शकतो, आणि अशा माणसाला कंपनीत किती मान असेल याचा अंदाज करा. आजच्या सैन्याच्या सवयीने बघणारे त्याला सार्जंट समजतात.

शिपायाच्या खांद्यावर लाल झालर दिसते, तो अधिकारी का?

नाही. ती लोकरीची आहे आणि कंपनी सांगते. ग्रेनेडियर म्हणजे निवडक उंच धडधाकट सैनिक, त्यांना लाल. व्होल्टिजर म्हणजे चपळ, पुढे पसरून लढणारे, त्यांना हिरवी किंवा पिवळ्या-हिरव्याचं मिश्रण. मधल्या कंपन्यांना झालर नाही, साधी कापडी पट्टी.

लुईने मार्शल नेमले होते म्हणे?

हो, आणि नेपोलियनला ते अजिबात पटलं नव्हतं. हॉलंडसारख्या छोट्या राज्याला मार्शल कशाला हा त्याचा सूर. डुमोन्सो, डॅन्डेल्स आणि आरमारातला डे विंटर ही त्यातली नावं. राज्य फ्रान्सला जोडल्यावर ही पदवीच गेली, डुमोन्सो पुढे फ्रेंच सैन्यात डिव्हिजनचा जनरल म्हणून राहिला. म्हणून ‘हॉलंडचा मार्शल’ असं लिहिलेलं चित्र असेल तर ते १८०६ ते १८१० या चार वर्षांतलंच.

१८१५ चं, म्हणजे वॉटर्लूचं डच सैन्य कसं दिसायचं?

इथे रंग परत निळा. लाइन पायदळाला गडद निळा कोट, पुढून एकाच रांगेत बटणं, कॉलर पांढरी. नॅशनल मिलिशिया म्हणजे भरती करून आणलेली तरुण मुलं, त्यांची कॉलर नारिंगी. जेगर हिरव्या कोटात, पिवळं फेसिंग. तोफखाना निळ्यात, काळी कॉलर आणि लाल पायपिंग. पँट मोहिमेत बहुधा करडी.

शाको म्हणजे उंच नळकांड्यासारखी टोपी, तिच्यावरून सैनिक उत्तरेकडचा की दक्षिणेकडचा हे कळतं. उत्तरेकडच्या म्हणजे डच बटालियनची शाको ऑस्ट्रियन धाटणीची, पुढे आणि मागे दोन्हीकडे छज्जा. दक्षिणेकडच्या म्हणजे बेल्जियन बटालियनची इंग्रजी धाटणीची, पुढचा भाग माथ्यापेक्षा उंच. दोन्हीवर राजा विल्यमचं डब्ल्यू अक्षर, आणि कोकार्ड नारिंगी, अठरा वर्षांच्या बंदीनंतर उघडपणे मिरवलेलं. अधिकाऱ्यांच्या कमरेला नारिंगी शेला. या फौजेत लांबून अधिकारी ओळखायचा सगळ्यात सोपा मार्ग हा शेलाच, मग जवळ जाऊन खांदा बघा.

याच फौजेत नासाऊच्या रेजिमेंट होत्या, त्या जर्मन, पण डच सेवेत. दुसरी नासाऊ रेजिमेंट हिरव्या कोटात, काळी कॉलर आणि पिवळट चामडी पट्टे.

गणवेशामुळे आपल्याच लोकांनी गोळ्या घातल्या असं झालं का?

झालं, आणि एकदा नाही. १६ जून १८१५ ला कात्र ब्राच्या लढाईत पाचव्या लाइट ड्रॅगून रेजिमेंटने फ्रेंच शॅसर घोडदळावर हल्ला केला. ही रेजिमेंट बेल्जियन, हिरवा कोट, पिवळं फेसिंग, म्हणजे समोरच्या फ्रेंचांसारखीच दिसणारी, आणि तिच्यातले कितीतरी जण आधी त्याच फ्रेंच घोडदळात नोकरी केलेले. मागे वळून आपल्या ओळीकडे येत असताना स्कॉटिश पायदळाला वाटलं फ्रेंचच आले, आणि त्यांनी गोळीबार केला. दोन दिवसांनी वॉटर्लूच्या संध्याकाळी पापलॉटच्या बाजूला पोहोचलेल्या प्रशियन सैन्याने नासाऊच्या लोकांना फ्रेंच समजून असंच केलं.

ज्यांना वाटतं की कॉलरच्या रंगावर एवढा वाद कशाला, त्यांनी हे दोन प्रसंग वाचावेत.

प्रत्यक्ष मैदानात सैनिक चित्रातल्यासारखे दिसायचे का?

नाही. शाकोवर काळं मेणकापड चढवलेलं, तुरा काढून ठेवलेला, कोटावर करडा ओव्हरकोट, पँट मिळेल ती. वॉटर्लूच्या आदल्या रात्री धो धो पाऊस होता, सकाळी कुणाचाही पांढरा पट्टा पांढरा राहिला नसणार. अधिकारी पण मोहिमेत लॅपलवाला भारी कोट न घालता साधा एका रांगेचा कोट घालायचे.

रंगाबद्दल अजून एक. शिपायाचं लाल कापड मंजिष्ठेने रंगवलेलं, जरा मंद, विटकरीकडे झुकणारं. अधिकाऱ्याचं कापड कोचिनीलने रंगवलेलं, झगझगीत. त्यामुळे एकाच कंपनीतल्या सगळ्यांना एकच लाल देऊ नका. निळ्याचंही तसंच, शिपायाचा कोट उन्हापावसात लवकर उतरतो.

पदकं कोणती दाखवायची?

लुईच्या काळात ऑर्डर ऑफ द युनियन, फिकट निळ्या रिबिनीचं. १८११ मध्ये त्याच्या जागी नेपोलियनने ऑर्डर ऑफ द रियुनियन काढलं. फ्रेंच सेवेत शौर्य गाजवलेल्यांकडे लाल रिबिनीचं लीजन ऑफ ऑनर असायचं. आणि ३० एप्रिल १८१५ ला राजा विल्यमने मिलिटरी विल्यम ऑर्डर स्थापन केली, नारिंगी रिबीन, त्यावर दोन बारीक निळ्या रेघा. ही वॉटर्लूच्या दीड महिना आधीची, त्यामुळे लढाईच्या दिवशी साध्या सैनिकाच्या छातीवर ती दाखवू नका, लढाईनंतर मात्र भरपूर जणांना मिळाली.

कोणत्या चित्रांवर विश्वास ठेवायचा?

जी त्या वेळी काढली गेली त्यांच्यावर जास्त. डिर्क लांगेनडाइक आणि त्याचा मुलगा यान अँथनी यांनी डोळ्यांसमोरचे सैनिक काढले, फाटके, वाकलेले, पाइप ओढणारे. टॉयप्केनची गणवेशांची चित्रं फार सुबक आहेत, पण ती १८२३ ची, तोपर्यंत नियम बदलले होते, त्यामुळे त्यावरून १८१५ चा सैनिक रंगवला तर चुकणार. आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं पीनमनचं वॉटर्लूचं प्रचंड चित्र, सव्वाआठ मीटर रुंद, १८२४ चं आहे, चेहऱ्यांसाठी उत्तम, बारकाव्यांसाठी जपून. होइंक व्हॅन पापेनड्रेख्टचा जन्मच १८५८ चा, त्याने अभ्यास करून काढलंय, पण डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

खरे कोट बघायचे तर सूस्टरबर्गचं राष्ट्रीय लष्करी म्युझियम गाठा. नेदरलँड्समध्ये नोकरीला असलेल्या मराठी मंडळींनी एक रविवार तिकडे जरूर द्यावा.

वेंगुर्ल्याच्या डच वखारीत असे सैनिक होते का?

नाही. वेंगुर्ल्याची वखार सतराव्या शतकातली, डच ईस्ट इंडिया कंपनीची, आणि ती कंपनी स्वतः १७९९ च्या अखेरीस संपली. या पानावरचे गणवेश तिथे कधी दिसले नाहीत. १७९५ मध्ये पळून गेलेल्या विल्यम पाचव्याने इंग्लंडमधून डच वसाहतींना इंग्रजांच्या हवाली व्हा अशी पत्रं लिहिली, त्याच वर्षी कोचीन इंग्रजांनी घेतलं.

पण मराठ्यांशी नातं हवंच असेल तर आग्र्याला जा. तिथे जॉन हेसिंगची कबर आहे, लाल दगडातला छोटा ताजमहाल. हा उट्रेख्टचा डच माणूस, आधी सिलोनमध्ये डच कंपनीच्या नोकरीत आणि नंतर शिंद्यांच्या फौजेत कर्नल, आग्र्याच्या किल्ल्याचा अधिकारी, १८०३ मध्ये वारला. आणि १८११ मध्ये जावावर जेव्हा इंग्रजांनी स्वारी केली तेव्हा जान्सेन्सच्या डच-फ्रेंच फौजेसमोर इंग्रजांबरोबर बंगालचे हिंदी शिपाई उभे होते, मेस्टर कॉर्नेलिसच्या लढाईत ते लढले.

माझ्याकडे एका बटणाचा फोटो आहे, डच आहे का?

पहिल्यांदा नंबर बघा. फ्रेंच पद्धतीच्या बटणावर रेजिमेंटचा नंबर असतो, १२३ ते १२६ यातला असेल तर मूळ डच रेजिमेंट. नुसता ३३ असेल तर सावध, फ्रेंच लाइन रेजिमेंटचाही ३३ नंबर होता. धातू बघा, लाइन पायदळाचं बटण पितळी, लाइट इन्फंट्रीचं पांढऱ्या धातूचं. ११ आणि १४ वरून काहीच ठरवू नका, ते नंबर बऱ्याच जणांचे होते. मग मागची बाजू बघा, दांडा कसा आहे, हाडाचा किंवा लाकडाचा पाया आहे का. फोटो पाठवताना दोन्ही बाजूंचा पाठवा, शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि बटण घासून चकचकीत करू नका, घासलं की नंबरच्या कडा जातात आणि मग कुणालाच काही सांगता येत नाही.